स्तालिनची लेक सुखात वाढली?



हुकूमशहांच्या मुलांवरील गेल्या अंकातील लेखात स्वेतलाना अलिलुयेवा केवळ ऐषारामात वाढलेली लाडकी लेक म्हणून भेटते. हे चित्र अपुरे आणि अन्यायाचेही आहे.

स्वेतलाना सहा वर्षांची असताना, 1932 मध्ये, आईने आत्महत्या केली. मुलीला आजाराचे कारण सांगितले गेले. सत्य तिला दहाएक वर्षांनी एका इंग्रजी नियतकालिकातून कळले. पुढे मावशी आणि मामी तुरुंगात गेल्या. सावत्र भाऊ याकोव जर्मन छावणीत मेला. ती पटकथाकार अलेक्सेई काप्लरच्या प्रेमात पडली, तर 1943 मध्ये त्याची रवानगी थेट आर्क्टिकमधल्या व्होर्कुताला! बापाचा जीव होता तिच्यावर, पण त्या मायेच्या आसपास येणारा कोणीच सुरक्षित नव्हता.

1953 मध्ये स्तालिन गेला, तरी सुटका नव्हतीच. कालाकांकरच्या ब्रजेश सिंह या भारतीय कम्युनिस्टाशी लग्न करायला सोव्हिएत सरकारने तिला परवानगी दिली नाही.

सिंहांच्या निधनानंतर त्यांच्या अस्थी घेऊन ती 1966 मध्ये भारतात आली आणि 6 मार्च 1967 रोजी दिल्लीतील अमेरिकी वकिलातीत आश्रयाला गेली. दोन मुले मॉस्कोतच राहिली. लेखात यातले काहीच नाही. पुढील अंकात ही भर अवश्य घालावी.