आयटी पार्क आधी की माणसे आधी?

सोलापुरात आयटी पार्क व्हावे ही मागणी आता जुनी झाली. सभेत तिला टाळ्या पडतात, वर्तमानपत्रात मथळा मिळतो. मागणी गैर आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण इमारत उभी राहिली, काचा बसल्या, वीज आली, तरी दुसऱ्या दिवशी तेथे बसून काम करणार कोण, हा प्रश्न विचारला की मंडळी गप्प होतात. सोलापूरचीच मुले बसतील, असे उत्तर अखेर येते. ती मुले आज कोठे आहेत? ती सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघाली आहेत.

वास्तविक ही गोष्ट सोलापूरला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नसावी. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी निघाली, परंतु हे गाव कापडाचे झाले ते केवळ गिरणीच्या धुराड्यामुळे नव्हे. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आपली विद्या बरोबर घेऊन आले होते. घरातले पोर आधी कांड्या भरी, मग तुटलेला धागा सांधायला शिके, आणि हात बसला की मागावर बसे. कामाच्या शेजारी वाढलेला कामगार ही या गावाची खरी पुंजी होती. गिरण्या बंद पडल्या तरी चादर आणि टॉवेल टिकले, याचे एक कारण ते आहे.

पुण्याचेही तेच. हिंजवडीकडे बोट दाखवून आपण म्हणतो की सरकारने जमीन दिली म्हणून कंपन्या आल्या. जमीन दिली हे खरेच. पण त्या गावात १८५४ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण चालू होते, १९८१ मध्ये टाटांचे संगणकविषयक संशोधन केंद्र निघाले होते आणि १९८८ मध्ये सी-डॅक. १९८३ च्या धोरणानंतर विनाअनुदान महाविद्यालयेही भराभर उघडली. म्हणजे माणसे आधी तयार होती. आपल्याकडेही वालचंद तंत्रशास्त्र संस्थेत १९८३ पासून अभियंते घडत आहेत. पेरणी सोलापुरात होते आणि कणसे हिंजवडीत खुडली जातात, एवढाच फरक.

आता आपल्या महाविद्यालयाकडे येऊ. कला शाखेचा विद्यार्थी म्हटले की संगणकाशी त्याचा संबंध एमएस-सीआयटीपुरता. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो मुलामुलींचा हात संगणकाला लागला. हे काम मोठे आहे. पण ती साक्षरता झाली, धंदा नव्हे. अक्षरओळख झाली म्हणून कोणी ग्रंथकार होत नाही. सरकारी अर्जाला जोडायचा कागद म्हणूनच आपण ते प्रमाणपत्र सांभाळून ठेवतो.

मग पदवीनंतर पुण्याचा रस्ता. तेथे पेठेतली खोली, मेसचा डबा आणि ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलेल्या एखाद्या क्लासची फी. बाप कर्ज काढतो. सहा महिन्यांनी पोराच्या हाती आणखी एक प्रमाणपत्र येते. असे विद्यार्थी प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांचा निकाल मात्र कोठे छापून येत नाही.

दुसरी वाट असू शकते, हे तमिळनाडूत दिसले आहे. झोहो या कंपनीने तेनकाशीजवळच्या मथलंपराई या खेड्यात आपले कार्यालय थाटले, आणि स्वतःच्या शाळेत बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना फी न घेता, उलट विद्यावेतन देऊन दोन वर्षे शिकवले. आमच्या मते यातील महत्त्वाची गोष्ट खेडे ही नाही. शिकणे आणि काम यांच्यामधली भिंत तेथे पाडली, ही आहे. कांड्या भरणाऱ्या पोराचीच ती रीत.

आपल्याला कायद्यानेही आता अडवलेले नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन बिगर-तांत्रिक पदवीधरांनाही दार उघडले. २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. पण काकांच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे अनुभव, असे आपण ठरवून टाकले तर धोरणाने काय करावे? अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत कितीतरी टॉवेलचे कारखाने आहेत. सुताचा साठा, ऑर्डरी, मजुरीचा हिशेब यांत त्यांची रोजची अडचण असते. दोन विद्यार्थ्यांनी चार महिने तेथे बसून ती अडचण समजून घेतली आणि संगणकावर सोडवून दाखवली, तर त्यास अनुभव म्हणता येईल.

आणि कलाशाखेजवळ काहीच नाही असे कोणी समजू नये. आपल्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी हिंदी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. यंत्राला भारतीय भाषा शिकवण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू केली. अशा कामाला बोली ओळखणारा कान आणि व्याकरण जाणणारे डोके लागते. ते अभियंत्याकडे असतेच असे नाही. (नगावर मजुरी देऊन हे काम करून घेणारेही आहेत, त्यांच्यापासून सावध असावे.) गणित दहावीनंतर सुटले ही उणीव खरी, पण तर्कशास्त्राच्या वर्गात आपण ज्या सत्यता-सारण्या घोकतो त्यांवरच संगणकाचे मंडल चालते, हे आपल्याला कधी कोणी सांगितले आहे काय?

काही प्राध्यापक म्हणतील, महाविद्यालय म्हणजे भरती केंद्र नव्हे. त्यांचा मुद्दा आम्हांला पटतो, पण अर्धाच. भाकरीची चिंता असलेला विद्यार्थी कवितेच्या तासालाही मनाने गैरहजरच असतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करणार असे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्ता नवशिक्यांची कामे करू लागली आहे. मग या क्षेत्रामागे धावायचे कशाला? आमचे उत्तर असे की, केवळ कोड लिहून देणाऱ्याची जागा जाईल, परंतु टॉवेलच्या कारखान्यात साठा का चुकतो हे मालकाला आणि मजुराला, दोघांना त्यांच्या भाषेत विचारून आणणाऱ्याची जागा इतक्या लवकर जाणार नाही. तरीही नोकरीची हमी कोणी देऊ नये, आम्हीही देत नाही.

तूर्त मागणी एवढीच. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा दुपारनंतर कुलूपबंद असते. ती सायंकाळी आठपर्यंत उघडी राहावी, तर्कशास्त्र आणि इंग्रजी विभागांनी आठवड्याला एकेक तास तेथे घ्यावा, आणि येत्या जूनमध्ये पाच कारखान्यांशी महाविद्यालयाने लेखी करार करावा. प्रयोगशाळेची देखरेख द्वितीय वर्षाचे विद्यार्थी पाळीपाळीने करतील. नावांची यादी आम्ही प्राचार्यांच्या कार्यालयात दिली आहे.