फॉर्मॅट मारण्यापूर्वी...

लखनौच्या आलमबागेत घरी आलेला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला स्क्रू काढता काढता सहज विचारतो, ‘‘फॉर्मेट मार दें, भाभीजी?’’ पुण्या-नागपुरात हाच प्रश्न ‘‘फॉर्मॅट मारू ना, वहिनी?’’ असा येतो. मंद झालेल्या कॉम्प्युटरला कंटाळलेले घर लगेच होकार देते. पण या एका होकारावर मुलांचे लहानपणीचे फोटो, लग्नाची चित्रफीत आणि आजोबांच्या पेन्शनची कागदपत्रे अवलंबून असतात, हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात येत नाही.

सध्या हा प्रश्न घरोघरी येण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली. काही मुदतीची वाढीव सोय सोडली, तर जुन्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालणे भाग झाले. मग दुकानदार सुचवतो, सिस्टीम घालतोच आहोत तर डिस्कही नवी, म्हणजे एसएसडी, बसवून घ्या. हा सल्ला बहुधा योग्यच असतो.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि बारीक सुई माहिती शोधत इकडेतिकडे धावते. एसएसडीत काहीच फिरत नाही. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहते. या ‘फ्लॅश’ स्मृतीची कल्पना जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. सुईची धावपळ संपल्यामुळे पाचसहा वर्षांचा कॉम्प्युटरही नव्यासारखा चपळ होतो.

मात्र याच गुणाची दुसरी बाजू जाणून घ्यायला हवी. हार्ड डिस्कवरून पुसलेली माहिती पुष्कळदा जाणकाराकडून परत मिळवता येते. एसएसडीवर पुसलेल्या जागा ती स्वतःच आतून मोकळ्या करून टाकते. तेथे चूक झाली, तर ती सुधारण्याची आशा फार थोडी.

आधी सामान सुरक्षित

आलमबागेला हे नाव मिळाले ते नवाब वाजिद अली शाह यांच्या बेगम आलम आरा यांच्यावरून. सप्टेंबर १८५७ मध्ये वेढ्यात सापडलेल्या रेसिडेन्सीकडे निघालेल्या इंग्रज फौजेने आपले आजारी, जखमी आणि सामानसुमान याच बागेच्या भिंतींआड पहाऱ्यात ठेवले आणि मगच शहरात पाऊल टाकले. फौज परक्यांची होती, पण तिने पाळलेला क्रम शहाणपणाचा होता. आपल्याकडेही ‘आधी शिदोरी, मग जेजुरी’ असे म्हणतातच.

म्हणून कॉम्प्युटर उघडण्याच्या आदल्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसून यादी करावी. फोटो, बँकेची कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प, दुकान असेल तर हिशेब. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली हटकून विसरल्या जातात. हे सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि त्यातले चार फोटो, दोन पत्रे दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावीत. नुसती नक्कल झाली म्हणून निर्धास्त होऊ नये.

मराठी घरांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. अनेकांची जुनी पत्रे शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. उत्तर प्रदेशात कृतिदेव घरोघरी आढळतो. नव्या सिस्टीममध्ये ते फॉन्ट नसले, की पत्र जागेवर असूनही केवळ निरर्थक अक्षरे दिसतात. त्यामुळे पत्रांबरोबर फॉन्टचीही नक्कल घ्यावी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची किल्ली, म्हणजे लांबलचक आकडा, कागदावर उतरवून ठेवावी.

जुनी डिस्क बाजूला

नवी डिस्क बसवताना सर्वांत मोठी चूक एकच होते. सिस्टीम घालताना पडद्यावर दोन डिस्क दिसतात आणि घाईत भलतीच पुसली जाते. यावर उपाय सोपा आहे. कॉम्प्युटर बंद करून, विजेची जोडणी काढून, जुन्या डिस्कची केबल सोडवून ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकूनही पुसली जात नाही.

सिस्टीमसाठी निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. विंडोज ११ हवे असेल, तर कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी. जुना कॉम्प्युटर या अटीत बसत नसेल, तर तो भंगारात काढण्याची गरज नाही. लिनक्सच्या मोफत सिस्टीम त्यावर चालू शकतात. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली त्यांपैकीच एक आहे. मूळ कॉम्प्युटर तोच राहिला, तर विंडोजचा परवाना बहुधा पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

काम चालू असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी. इन्व्हर्टर किंवा यूपीएस जोडलेला असावा. सिस्टीम बसल्यावर आवाज, इंटरनेट, प्रिंटर हे सर्व तपासावे आणि नंतरच जुनी डिस्क जोडून फायली आणाव्यात.

घाईने पुसू नये

जुनी डिस्क त्याच दिवशी पुसण्याचा किंवा विकण्याचा मोह टाळावा. निदान महिनाभर ती कपाटात जपून ठेवावी. विसरलेली फाइल साधारणपणे याच काळात आठवते, कधी शाळेच्या प्रवेशावेळी, तर कधी बँकेने जुना कागद मागितल्यावर. पुढे ती देऊन टाकायची झाल्यास आधी पूर्णपणे पुसून घ्यावी, नाहीतर घरची खासगी माहिती परक्याच्या हाती जाते.

फोटोंची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये आणि दुसरी बाहेरच्या डिस्कवर कायम असावी. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी एसएसडीवर भरवसा ठेवू नये. वीज न मिळता, त्यातही उष्ण जागी, तिच्यातील विद्युतभार हळूहळू ओसरतो.

नवी डिस्क बाजारात केव्हाही मिळते, सिस्टीमही पुन्हा घालता येते. आजीच्या पंचाहत्तरीचा फोटो मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाही. म्हणून दुरुस्तीवाल्याला होकार देण्याआधी दोन दिवस मागून घेतले, तर त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.