लॅपटॉपचे ‘डील’ आणि आपला हिशोब : रॅम महागली, विंडोज १० संपले, मग घ्यायचे काय?

प्रजासत्ताक दिनाच्या सेलचे मेसेज सगळ्यांच्याच मोबाइलवर येऊन गेले असतील. ‘लॅपटॉपवर ४० टक्के सूट’, ‘नो कॉस्ट ईएमआय’, ‘आय-फाइव्ह फक्त इतक्या हजारांत’. आमच्या खर्ड्यातही शाळा सुटल्यावर मुले हेच दाखवायला येतात. ‘सर, हे घेऊ का?’ गावात लॅपटॉपचे मोठे दुकान नाही. घ्यायचे तर जामखेड, बार्शी, अहिल्यानगर, नाहीतर पुण्याला कामाला असलेल्या कुणाला तरी सांगायचे. त्यामुळे वस्तू हातात घेऊन बघण्याआधीच बहुतेकांचा निर्णय झालेला असतो.

हा लेख लिहिण्याचे कारण माझीच एक चूक आहे. गेल्या जूनमध्ये एका पालकांनी मुलीच्या डिप्लोमा प्रवेशाच्या वेळी मला विचारले, लॅपटॉप कोणता घेऊ. ते सेंटरिंगचे काम करतात. मी घाईत होतो. म्हणालो, ‘आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि एसएसडी बघा, बास.’ त्यांनी शहरातल्या एका दुकानातून १९ हजारांना जुना, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप आणला. डिसेंबरमध्ये मुलगी तो घेऊन माझ्याकडे आली. स्क्रीनवर संदेश होता की हा संगणक विंडोज ११ साठी चालणार नाही. वडील म्हणाले, ‘सर, तुम बोले थे वैसाच आय-फाइव्ह लिया मैं.’ खरे होते. आय-फाइव्हच होता, पण सहाव्या पिढीचा. पिढी विचारा, हे मी सांगितलेच नव्हते. आणि पावती म्हणून हातात होती एक साधी चिठ्ठी, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना वॉरंटीचा शब्द.

गेल्या सहा महिन्यांत या बाजारात एकाच वेळी तीन गोष्टी घडल्या आहेत. त्या समजून घेतल्याशिवाय कोणत्याही ‘डील’ला हात लावू नये, असे माझे मत आहे.

पहिली गोष्ट : विंडोज १० ची मुदत संपली

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. याचा अर्थ संगणक बंद पडला असा नाही. तो चालतो, फक्त सुरक्षेचे नवे अपडेट नेहमीसारखे मिळत नाहीत. विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या आहेत त्यात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर बहुतेक वेळा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आठवी पिढी २०१७ मध्ये आली. त्याआधीच्या बहुतेक सगळ्या मशीन या यादीतून बाहेर.

मोठ्या कंपन्या आणि कार्यालये असे जुने लॅपटॉप शेकड्याने काढून टाकतात. ते व्यापाऱ्यांकडे जातात, पुसून-झाडून, नवी एसएसडी टाकून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून आपल्यापर्यंत येतात. यात गैर काही नाही. चांगली कार्यालयीन मशीन स्वस्तात मिळणे हा गरिबाच्या मुलासाठी फायदाच आहे. गैर हे की पाटीवर फक्त ‘आय-फाइव्ह’ लिहायचे आणि पिढी सांगायची नाही. मालातला दोष ग्राहकाला सांगून विकावा, ही शिकवण आपल्या घरात लहानपणापासून ऐकलेली असते. दुकानदार कोणत्याही समाजाचा असो, तीच अपेक्षा ठेवावी, आणि आपण जुना मोबाइल विकतो तेव्हा स्वतःलाही लावावी.

पिढी ओळखणे अवघड नाही. प्रोसेसरच्या नावात ‘आय५’ नंतर जो आकडा येतो तो बघा. ६३०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी, ११३५ असेल तर अकरावी. नवा लॅपटॉप घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. उदाहरणार्थ, एएमडीचा ‘रायझन ५ ७५२०यू’ हा आकड्यावरून अगदी ताजा वाटतो, पण त्याच्या आतली रचना झेन २ ही आहे, जी बाजारात आली २०१९ साली. लिहिण्या-वाचण्याला तो पुरतो. मात्र ‘लेटेस्ट’ म्हणून जास्त पैसे द्यायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट : रॅम आणि एसएसडी महागली

त्या मुलीचा लॅपटॉप हळू चालत होता. म्हटले, निदान रॅम वाढवून देऊ. दुकानात दर विचारला आणि गप्पच झालो. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत रॅमच्या अनेक किटचे दर दुपटीहून जास्त झाले आहेत. एसएसडीही वाढली आहे. लोकांना वाटते दुकानदार लुटतो. या वेळी दोष त्याचा नाही.

जगात रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. सध्या एआयची मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत. त्यांना एचबीएम नावाची खास, वेगवान मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमपेक्षा ती बनवायला सिलिकॉनच्या चकतीचा साधारण तिप्पट भाग खर्ची पडतो. भाव चांगला मिळतो म्हणून कंपन्या आपली क्षमता तिकडे वळवत आहेत. मग साध्या लॅपटॉप-मोबाइलसाठी माल कमी पडतो. जुन्या डीडीआर४ प्रकारच्या रॅमचे उत्पादन कंपन्या हळूहळू आवरते घेत आहेत, म्हणून जुन्या मशीनची रॅमही महागली. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने जाहीरच केले की सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशिअल’ हा ब्रँड ती बंद करणार, पुरवठा फेब्रुवारी २०२६ च्या अखेरपर्यंतच. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवायची तर क्रुशिअल, हे वर्षानुवर्षे ठरलेले होते. तीच कंपनी सांगते आहे की आता तुमच्यासारखे किरकोळ गिऱ्हाईक आम्हाला नको.

कुणी म्हणेल, मायक्रॉनचा कारखाना तर गुजरातेत साणंदला आहे, मग आपल्याला स्वस्त का नाही? तिथे चिपची जुळणी आणि चाचणी होते. चिपची मूळ चकती तिथे बनत नाही. त्यामुळे आपला दर जगाच्या बाजारावरच ठरतो. खर्ड्यातल्या मुलीच्या आठ जीबी रॅमची किंमत अमेरिकेतल्या डेटा सेंटरच्या मागणीवर ठरते, ही आजची वस्तुस्थिती आहे.

यातून व्यवहाराचा धडा काय? पूर्वी आपण म्हणायचो, आत्ता चार जीबीचा घ्या, पुढे वाढवू. आता तो सल्ला चुकीचा ठरतो. घेतानाच किमान आठ जीबी, जमल्यास सोळा जीबीचा घ्या. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असते, ती नंतर वाढतच नाही. ‘स्लॉट मोकळा आहे का?’ हा प्रश्न घेण्याआधी विचारायचा. घरात जुना, बंद संगणक पडला असेल तर भंगारात देण्याआधी त्यातली रॅम आणि एसएसडी काढून तपासून घ्या, आज तिला किंमत आहे.

तिसरी गोष्ट : सूट आणि हप्त्याचा खेळ

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉपवर आधीही १८ टक्के होता, आताही १८ टक्केच आहे. तरीही ‘जीएसटी कपातीमुळे लॅपटॉप स्वस्त’ असे कुणी सांगितले तर त्याला विचारा, कोणती कपात?

आता ‘नो कॉस्ट ईएमआय’. हा मुद्दा आपल्या घरांत वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे, कारण अनेक जण ‘व्याज नाही ना, मग चालते’ म्हणून सही करतात. समजा लॅपटॉप ३६ हजारांचा आणि सहा हप्ते प्रत्येकी ६ हजार. आकडा बरोबर जुळतो, व्याज कुठे दिसत नाही. प्रत्यक्षात क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी रक्कम, समजा १,५०० रुपये, सूट म्हणून आधीच कमी करतो. बँकेकडे कर्ज नोंदवले जाते ३४,५०० चे, आणि १,५०० व्याज म्हणून तुमच्या हप्त्यातून जातात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २७० रुपये वेगळे. प्रक्रिया शुल्क २०० धरले तर त्यावरचा करही आला. म्हणजे ‘नो कॉस्ट’मध्येच पाचशेच्या वर गेले. आणि रोख घेणाऱ्याला तीच १,५०० ची सूट मागता आली असती, ती गेली ती वेगळीच.

हे माझे मत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज दुसऱ्या नावाखाली वसूल केले जाते. व्याजाच्या मसल्यात मी काही निर्णय देणारा नाही, तो आलिमांचा विषय. पण त्यांना विचारताना ‘व्याज नाही’ असे सांगून विचारू नका, वरचा पूर्ण हिशोब त्यांच्यासमोर ठेवा. आणि हप्ता चुकला तर दंड व सिबिलचा फटका बसतो, तो पुढे मुलांच्या शैक्षणिक कर्जालाही आडवा येतो.

घेण्याआधी हे तपासा

१. प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि आकडा लिहून घ्या. चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप टाकून विंडोज ११ चालेल का ते तिथेच बघा.

२. जुना लॅपटॉप असेल तर बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही त्यात दिसतात. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

३. चार्जरवर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की खरा-खोटा कळतो. स्वस्त चार्जरने बोर्ड जळाला तर वाचवलेले तीनशे रुपये हजारांना पडतात.

४. पाचशे रुपयांत दोन टेराबाइटचा पेनड्राइव्ह मिळत नसतो. त्यात लहान चिप टाकून संगणकाला खोटा आकडा दाखवलेला असतो. फायली भरल्यासारख्या दिसतात, उघडायला गेले की नसतात. लग्नाचे फोटो आणि प्रोजेक्ट असेच गेलेले मी पाहिले आहेत.

५. पक्की पावती घ्या. त्यावर सिरीयल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्कही नाही. पण पावतीच नसेल तर आपण बोलणार कशाच्या जोरावर?

ज्यांच्याकडे जुना संगणक आहेच, त्यांनी घाबरून नवा घेऊ नये. विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर त्याचे पैसे लागत नाहीत. तोपर्यंत मुलांचे हे वर्ष निघते. त्यानंतर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकता येईल. दोन्ही मोफत आहेत. त्यात मराठीही टाइप होते आणि उर्दूही. इनपेजवर उर्दूचे काम करणाऱ्यांनी मात्र आधी विचार करावा, कारण ते विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर आहे.

त्या मुलीच्या लॅपटॉपचे आम्ही तेच केले. रॅम वाढवली नाही. आधी वाढीव अपडेटची नोंदणी केली, नको ते प्रोग्राम काढले. आता कामापुरता चालतो. १९ हजार मात्र परत येणार नाहीत. ते वडिलांच्या कित्येक दिवसांच्या मजुरीचे होते, आणि तो सल्ला माझा होता.

शेवटी एक गोष्ट बोलायचीच आहे. ज्या घरात मुलगा-मुलगी दोघे शिकतात, तिथे मी बहुधा असे पाहतो की लॅपटॉप मुलाच्या नावाने येतो आणि त्यावर गेम चालतात. मुलगी मात्र प्रोजेक्ट मोबाइलवर अंगठ्याने टाइप करते. सेंटरिंग करणाऱ्या त्या वडिलांनी मुलीसाठी पैसे काढले, म्हणून तरी त्यांची फसगत व्हायला नको होती.

आणि जी मुले ग्राफिक्स कार्ड, रंगीत लाइटचे कीबोर्ड, गेमिंग पीसीचे व्हिडिओ रात्र-रात्र बघतात, त्यांना फक्त रागावू नका. प्रोसेसरची पिढी, रॅमचा प्रकार, एसएसडीचा वेग हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांना कामाला लावा. मोहल्ल्यात कुणी लॅपटॉप घ्यायला निघाले की असा एक मुलगा किंवा मुलगी सोबत जाऊ द्या. जुन्या मशीन उघडून साफ करणे, एसएसडी बदलणे त्यांना शिकू द्या. हुनर हाताला लागेल, आणि दहा घरांचे पैसे वाचतील. मला विचारायला येणाऱ्यांना मी आता पहिल्यांदा एकच सांगतो : आकडा लिहून आणा, मग बोलू.