समतेचा हिशेब व्यवसाय करापासून मांडा



आर्थिक समतेचा आग्रह धरला की लोक आळशी होतात, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना (रोहयो) आठवावी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर पोचली. १९७७मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५पासून व्यवसाय कर लावला गेला आणि शहरी पगारदाराचा पैसा कोरडवाहू गावात मजुरी म्हणून जाऊ लागला. मागेल त्याला काम होते, पण फुकट काहीच नव्हते. भर उन्हात खडी फोडायला आणि मातीच्या पाट्या वाहायला आलेल्या बायाबापड्यांना आळशी कोण म्हणेल?

याचा फायदा एकट्या मजुरांना झाला नाही. त्यांनी खोदलेल्या पाझर तलावांमुळे पाणी वाढले ते विहीर असलेल्या जमीनमालकांचे. तरीही ‘रोहयोमुळे मजूर मिळत नाहीत’ ही तक्रार बागायतदारच करत आले. मजूर मिळत होते. पडेल त्या मजुरीला मिळत नव्हते, इतकेच. दुसरीकडे काम आहे म्हटल्यावर मजुराला ‘परवडत नाही’ म्हणता येते. समतेने समाजाचे भले होते ते असे. सर्वांना सारखा पगार हा तिचा अर्थ नव्हे. नाडल्या जाणाऱ्याला नकार देता आला पाहिजे.

बोगस हजेरीपट झाले, मजुरी रखडली, हे खरे आहे. पण रस्त्यांच्या कंत्राटात पैसे खाल्ले जातात म्हणून कोणी रस्ते बांधायचे थांबत नाही.

खरी विषमता या योजनेसाठी लावलेल्या करात आहे. घटनेच्या कलम २७६मधील व्यवसाय कराची वार्षिक मर्यादा १९८८मध्ये २,५०० रुपये झाली, ती आजही तेवढीच आहे. महिना पंधरा हजार कमावणारा सुरक्षारक्षक वर्षाला २,५०० रुपये भरतो आणि महिना पंधरा लाख घेणारा त्याचा साहेबही तेवढेच! रक्षकाला हा कर त्याच्या पगाराच्या सव्वा टक्क्याहून जास्त पडतो. साहेबाला तो जाणवतही नाही.

ही मर्यादा घटनादुरुस्ती करून वाढवावी, अल्प वेतनाला पूर्ण सूट द्यावी आणि वाढीव उत्पन्न रोहयोच्या कामांवरच खर्च करावे. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी संसदेत लावून धरावी. ज्यांना ती मान्य नसेल, त्यांनी रक्षकाला आणि साहेबाला एकच कर कोणत्या न्यायाने लागतो, ते सांगावे.

– एक वाचक, सांगली