क्रूझ... तीही घाटावर!

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गोव्यात मांडवीवर फिरणारी, दिव्यांनी लखलखणारी बोट, केरळातली हाऊसबोट, नाहीतर सिनेमातल्या हिरोची पांढरीशुभ्र यॉट. मग आपण क्रेडिट कार्डाचं बिल बघतो, उरलेल्या रजा मोजतो आणि मुकाट्याने पुन्हा लोणावळ्याला जातो. पण अख्खी बोट फक्त तुमच्या ग्रुपची, दोन्ही काठांवर जंगल आणि बोटीचं तोंड सरळ दक्षिणेला, हा सगळा सरंजाम महाबळेश्वरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर मिळतो, असं सांगितलं तर?

त्यासाठी महाबळेश्वरच्या बाजारपेठेतलं स्ट्रॉबेरी विथ क्रीम लवकर संपवायचं आणि घाट उतरून तापोळा गाठायचं. समोर पसरलेला असतो शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. लांबी सुमारे पन्नास किलोमीटर! कोयना ही तशी हट्टी नदी. सह्याद्रीतून देशावर उतरणाऱ्या बहुतेक नद्या पूर्वेची वाट धरतात. ही मात्र महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगररांगेला समांतर थेट दक्षिणेला निघते. हेळवाकजवळ पूर्वेला वळून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. म्हणजे आपली बोट चालते ती नदीच्याच जुन्या वाटेवरून.

गंमत अशी, की बंगालच्या उपसागराकडे निघालेलं यातलं बरंचसं पाणी समुद्र बदलतं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते कोकणच्या बाजूला उतरवतात, त्यावर वीज तयार होते आणि मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. कोयना प्रकल्पाची क्षमता आहे १,९६० मेगावॉट. तुमच्या क्युबिकलमधल्या एसीच्या गारव्यातही या पाण्याचा वाटा असू शकतो, बॉस!

तापोळा आणि बामणोली या दोन्ही ठिकाणी गावकऱ्यांचे बोट क्लब आहेत. भाडं अख्ख्या बोटीचं ठरतं, त्यामुळे ग्रुप असला की खिशाला चाट बसत नाही. बेस्ट रूट म्हणजे वासोटा. इंजिनाची धडधड, अधूनमधून झेपावणारा एखादा खंड्या आणि हळूहळू गायब होणारी मोबाइलची रेंज. (सोमवारी बॉसला हे कारण खरंखुरं सांगता येतं!) पलीकडच्या काठावर कोयना अभयारण्य सुरू होतं. ते १९८५ सालचं. २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथून दोनेक तासांची दमदार चढण, की आपण वासोट्यावर. १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा किल्ला घेतला. वरून पश्चिमेला बघितलं की कडा सरळ कोकणात कोसळलेला दिसतो. फोटो काढा, पण कठड्यावर बसून नको!

आता जरा वेगळं. बोट मधोमध आली की इंजिन दोन मिनिटं बंद करायला सांगा. खाली नुसतं पाणी नाहीये. १९६०च्या दशकात धरण भरलं तेव्हा शेतं, घरं, देवळं, खळी यांच्यासकट गावंच्या गावं पाण्यात गेली. माणसं कुणी वर डोंगरउतारावर सरकली, कुणी सोलापूर, सांगली, रायगडकडे पांगली, कुणी थेट मुंबई गाठली. धरणाला अर्धशतक उलटून गेलं तरी अनेकांचा जमिनीचा प्रश्न सुटला नव्हता, म्हणून २०१८ मध्ये कोयनानगरला धरणग्रस्तांनी ठिय्या मांडला होता.

आणि जे काठावर राहिले त्यांच्यासाठी बोट म्हणजे पिकनिक नाही, एसटी आहे. बाजार, दवाखाना, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पाण्यावरून. याच जलाशयाच्या काठावरच्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडे अंधारीला जायच्या आणि तिथून जंगलातून चालत शाळा गाठायच्या. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली, तेव्हा कुठे शहरातल्या आपल्यासारख्यांना ते कळलं. ज्या पाण्यावर आपण पैसे मोजून ‘थ्रिल’ शोधतो, त्याच पाण्यावर त्या मुली शाळेची वेळ गाठत होत्या.

मग जायचंच नाही का? उलट, जरूर जा! २०२४ मध्ये जवळच मुनावळ्याला सरकारी जलपर्यटन केंद्रही सुरू झालंय. जेट स्कीची हौस तिथे भागते. पण एखादा पूर्ण दिवस गावकऱ्यांच्या बोटीला द्या. ज्यांची जमीन पाण्यात गेली, त्यांच्याच पोरांनी त्या पाण्यावर उभा केलेला हा धंदा आहे. भाड्यात शंभर रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी हे आठवा. जेवणही काठावरच्या घरात सांगून ठेवा. चुलीवरची भाकरी आणि गावरान रस्सा यांच्यापुढे क्रूझवरचा बुफे म्हणजे किस झाड की पत्ती!

जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा :

* थंडी हा बेस्ट सीझन. पावसाळ्यात वासोटा बंद असतो.
* वासोट्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. मुक्काम करता येत नाही, म्हणून सकाळी लवकर बोट धरा.
* लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर नको. बोटीवाल्या दादांनी ‘एवढेच बसा’ म्हटलं की तेवढेच बसा.
* प्लॅस्टिक नेलं तेवढं परत आणा. स्पीकर घरी ठेवा.
* समोरून गावच्या माणसांची होडी आली, तर आपली बोट हळू करायला सांगा. आपल्या लाटेने त्यांची होडी हेलकावते आणि त्यांना वेळेवर पोचायचं असतं.