भीतीचा बाजार आणि घरातील संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीच्या नित्याच्या मोफत सुरक्षा-सुधारणा थांबवल्या. त्यामुळे त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. मुलांचा अभ्यास, पतपेढीचा हिशेब, परगावच्या लेकीशी पडद्यावरून होणारे बोलणे, सारे पूर्ववत चालू राहिले. बदलले ते एवढेच की, या प्रणालीत यापुढे जी नवी छिद्रे सापडतील ती बुजवण्याची जबाबदारी तिच्या निर्मात्याने अंगावरून झटकली. घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने जाहीर केली खरी. परंतु तीही कंपनीकडे खाते उघडण्याच्या अटीवर. विंडोज ११ घ्यावे, तर साधारणतः २०१७ पूर्वीच्या यंत्रांवर ते अधिकृतपणे बसतच नाही. अशा वेळी चिंताग्रस्त गृहस्थ दुकानात जातो आणि विचारतो, ‘कोणते अँटिव्हायरस चांगले?’ दुकानदार कपाटातून एक डबा काढून देतो. व्यवहार पुरा होतो. प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो.

या प्रश्नाकडे केवळ तज्ज्ञांचा प्रांत म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. वस्तुतः त्यात सामान्य माणसाला समजणार नाही असे फार थोडे आहे. धोका कोठून येतो, त्याचा बंदोबस्त आधीच झालेला आहे काय, आणि जो रखवालदार नेमायचा त्याचे हितसंबंध कोणाशी गुंतले आहेत, एवढे तीन प्रश्न विचारले तरी निवड पुष्कळ सोपी होते. दुर्दैवाने विक्रेत्यांच्या सोयीचे असते ते नेमके हे प्रश्न न विचारले जाणे. भीती जितकी मोघम, तितका माल अधिक खपतो.

अँटिव्हायरसचा धंदा मुळातच खोटा होता असे मात्र कोणी म्हणू नये. १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकावरचा पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीवरून पसरला. पुढील दोन दशके संगणक प्रणाली जवळजवळ कडीकोयंड्याविनाच विकल्या जात होत्या. त्या काळात हे विषाणू शोधून काढणारी सॉफ्टवेअरे ही खरी गरज होती. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या काटकर बंधूंनी गणकयंत्रे आणि संगणक दुरुस्त करता करता ‘क्विक हील’ उभे केले, ते याच गरजेतून. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेल्या त्या कौशल्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु परिस्थिती पालटली आहे. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हे अँटिव्हायरस प्रणालीतच अंतर्भूत झाले. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या चाचणी संस्थांचे अलीकडच्या वर्षांतील निष्कर्ष पाहिले, तर हे विनामूल्य डिफेंडर नावाजलेल्या सशुल्क उत्पादनांच्या पंक्तीत बसलेले दिसते. दुसरे अँटिव्हायरस बसवले की डिफेंडर आपले मुख्य काम थांबवतो. म्हणजे ग्राहकाला वाटते तशी दोन कुलपे लागत नाहीत, एक काढून दुसरे बसवले जाते. या दुसऱ्या कुलपाची वर्गणी मात्र दरवर्षी भरावी लागते. ती भरायची राहून गेली की विषाणूंची नवी माहिती येणे बंद होते, आणि घरच्यांना मात्र चिन्ह दिसते आहे म्हणून पहारा चालू असल्याचे समाधान असते.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. अँटिव्हायरसला आपले काम करण्यासाठी यंत्रातील प्रत्येक फाइल आणि पुष्कळदा प्रत्येक भेट दिलेले संकेतस्थळ पाहण्याची मुभा द्यावी लागते. घराच्या सर्व किल्ल्या ज्याच्या हाती द्यायच्या, त्याची चौकशी नको काय? अव्हास्ट या जगभर वापरल्या जाणाऱ्या अँटिव्हायरसचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पाळत ठेवणाऱ्यांपासून संरक्षण देण्याचे आश्वासन देणाऱ्या या कंपनीने आपल्याच ग्राहकांच्या इंटरनेटवरील भ्रमंतीचा तपशील गोळा केला आणि जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत तो शंभराहून अधिक त्रयस्थांना विकला. जानेवारी २०२० मध्ये ही उपकंपनी गुंडाळण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आणली. कोणी कोणता आजार शोधला, कोणत्या धर्माची वा राजकीय मताची पाने वाचली, हे सारे अशा तपशिलातून उघड होऊ शकते. ‘फुकट’ या शब्दाची किंमत येथे ग्राहकाने आपल्या खाजगी आयुष्याने मोजली.

रखवालदाराचा हेतू शुद्ध असला, तरी त्याच्या हातातील अधिकार धोक्याचा ठरू शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ते उत्पादन घरगुती नव्हते, हल्लाही कोणी केला नव्हता. प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेल्या एका सॉफ्टवेअरची ती चूक होती. म्हणून ज्याची खरोखर गरज नाही असे सॉफ्टवेअर गाभ्यापर्यंत जाऊ न देणे, हाच शहाणपणा होय.

फायरवॉलची कथाही फारशी वेगळी नाही. आगंतुक जोडण्यांना दारातच अडवणे हे तिचे काम. विंडोजमधील फायरवॉल ते करते आणि घरातील राउटरही बहुधा आणखी एक आडोसा देतो. वेगळी फायरवॉल विकत घेऊन दर पाच मिनिटांनी ‘परवानगी द्यावी काय?’ असा प्रश्न विचारून घेणाऱ्या माणसाचा कल अखेरीस सरसकट ‘होय’ म्हणण्याकडेच होतो. त्यापेक्षा राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे अधिक मोलाचे. २०१६ मध्ये ‘मिराई’ने असेच न बदललेले पासवर्ड वापरून असंख्य राउटर आणि कॅमेरे आपल्या दावणीला बांधले होते.

मग खरे संरक्षण कशात आहे? मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’चा हल्ला याचे स्पष्ट उत्तर देतो. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांची यंत्रे ओलीस पडली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. या हल्ल्यात वापरलेले मूळ हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या भात्यातून बाहेर पडलेले होते, हेही विसरता कामा नये. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या धक्क्याचे काम विस्कळीत केले. युक्रेनमध्ये उगम पावलेली आपत्ती न्हावाशेव्याच्या कंटेनरपर्यंत पोहोचली. तात्पर्य, वेळेवर मिळणारी आणि वेळेवर बसवलेली सुधारणा हे संरक्षणाचे पहिले साधन आहे. म्हणूनच विंडोज १० च्या सुधारणा थांबणे ही दुकानातील कोणत्याही डब्याने भरून न निघणारी उणीव ठरते.

ब्राउझरची निवड मात्र खरोखर विचारपूर्वक करावी, कारण आजचा बराचसा धोका त्याच दारातून येतो. येथेही वेगाच्या आणि देखणेपणाच्या चर्चेत मूळ प्रश्न हरवतो. क्रोम हे जाहिरातींवर जगणाऱ्या गूगलचे अपत्य आहे. शोधसेवेत गूगलने बेकायदेशीररीत्या मक्तेदारी टिकवल्याचा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. ब्राउझर आणि फोन यांत आपलीच शोधसेवा आधीपासून बसवलेली असावी, यासाठी या कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजल्याचे त्या खटल्यात उघड झाले. जाहिराती अडवणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’सारख्या साधनांची मूळ आवृत्ती क्रोममध्ये २०२४-२५ च्या बदलांनंतर चालेनाशी झाली. जाहिरात अडवणे ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, नामांकित संस्थांच्या नावे दिल्या जाणाऱ्या खोट्या जाहिरातींपासून बचाव म्हणून खुद्द अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये असे साधन वापरण्याचा सल्ला दिला होता.

फायरफॉक्स हा ब्राउझर मोझिला या ना-नफा प्रतिष्ठानाच्या छत्राखाली तयार होतो, आणि त्यात हे साधन आजही चालते. तोही निष्कलंक नाही. त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलकडूनच येतो. तथापि ज्याचे अंतिम उत्तरदायित्व भागधारकांच्या नफ्याशी बांधलेले नाही असा पर्याय उपलब्ध असताना, केवळ सवयीने मक्तेदाराच्या दारात उभे राहण्याचे प्रयोजन काय?

याचबरोबर सॉफ्टवेअरची मर्यादाही ओळखली पाहिजे. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत नागरिकांनी सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. ‘डिजिटल अटके’ची धमकी ऐकून निवृत्त शिक्षक जेव्हा स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, किंवा पडद्यावरची ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ ही खोटी सूचना वाचून दिलेल्या क्रमांकावर फोन करतो आणि पलीकडच्या माणसाला संगणकाचा ताबा देतो, तेव्हा त्याला अडवायला कोणते अँटिव्हायरस पुरे पडणार? तेथे उपयोगी पडतो तो घरात झालेला संवाद, शेजाऱ्याने वेळीच दिलेला इशारा आणि १९३० या मदत क्रमांकावर विनाविलंब केलेली तक्रार.

प्रश्नाची सामाजिक बाजू येथेच समोर येते. पिण्याच्या पाण्याची शुद्धता ज्याने त्याने गाळणी विकत घेऊन सांभाळावी, असे सुसंस्कृत समाज म्हणत नाही. एका घरातील दूषित संगणक हा शेकडो इतरांवर हल्ला करण्याचे साधन बनतो. तेव्हा संगणकाची सुरक्षितताही अंशतः सार्वजनिक आरोग्याचाच विषय आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे विषाणू काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. ही पद्धत योग्यच आहे. पण किती घरांना तिची वार्ता आहे? केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून लक्षावधी मुलांना एका कंपनीच्या वेळापत्रकातून मोकळे केले. महाराष्ट्रात मात्र जुन्या यंत्रांपुढे भंगाराचीच वाट उरल्यासारखे वातावरण आहे.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार, संगणकीय उत्पादने विकणाऱ्यांना साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा पुरवाव्या लागतील; त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. वजनमापातील लबाडीविरुद्ध ग्राहकाला उभे करणारी ग्राहक पंचायतीची चळवळ महाराष्ट्राने गेल्या शतकाच्या सत्तरीत पाहिली आहे. त्याच परंपरेतून ‘विकलेल्या यंत्राची सुरक्षितता किती वर्षे सांभाळणार, ते पावतीवर लिहा’ ही मागणी पुढे आली पाहिजे.

तोवर घरापुरता मार्ग अवघड नाही. विंडोज ११ चालत असेल तर त्यातील डिफेंडर आणि फायरवॉल चालू ठेवावीत, सुधारणा आपोआप बसू द्याव्यात. जुने यंत्र असेल तर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसवून पाहावी. पत्रव्यवहार, वाचन, हिशेब यांना ती पुरते. श्री-लिपीसारख्या विंडोजवरच्या साधनांत वर्षानुवर्षांचे मराठी लेखन अडकलेल्यांना हा बदल कष्टाचा जाईल. त्यांनी निदान ते यंत्र इंटरनेटपासून अलग ठेवून बँकेचे व्यवहार दुसरीकडे करावेत. ब्राउझर फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन. चोरीची प्रणाली आणि ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअरे कटाक्षाने वर्ज्य, कारण विषाणू आपल्याच हाताने घरात आणल्यावर कोणताही पहारा व्यर्थ आहे. आणि अँटिव्हायरसच्या नूतनीकरणासाठी बाजूला काढलेले पैसे साठवून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. महत्त्वाची कागदपत्रे, छायाचित्रे, संस्थेच्या सभासदांच्या याद्या महिन्यातून एकदा तीवर उतरवाव्यात आणि काम झाल्यावर तिची तार काढून ती कपाटात ठेवावी. खंडणीखोरांनी उद्या यंत्रातील सर्व फाइलींना कुलूप घातले, तरी तारेविना कपाटात पडलेल्या त्या डिस्कला त्यांचा हात लागू शकत नाही.