संगीत नाटकाविरुद्धचा एकतर्फी निकाल

संगीत नाटक मेले, असे म्हणण्याची सांप्रत एक शिष्टसंमत चाल पडली आहे. असे म्हणणाऱ्या गृहस्थास 'आपण संगीत नाटक रंगभूमीवर शेवटचे केव्हा पाहिलेत?' असा साधा प्रश्न केला म्हणजे तो बहुधा घुटमळतो. त्याने जे पाहिलेले असते ते चित्रपटात, आणि ऐकलेले असते ते नाट्यगीतांच्या मैफलीत. मृताचे तोंडही न पाहता सुतक पाळण्याचा हा प्रकार आहे.

या दोषातून मी स्वतः मुक्त नाही. बुलढाणा जिल्ह्यात मी सत्तावीस वर्षे साहित्य शिकवीत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्रा'वर वर्गात मी तासन्‌तास बोललो. परंतु १८८२ साली रंगभूमीवर आलेले ते नाटक आरंभापासून अखेरपर्यंत पाहण्याचा योग मला पन्नाशी उलटल्यावर, तोही नागपुरास जाऊन, आला. त्या रात्री माझ्या पुष्कळशा टिपणांची किंमत मला कळली.

कृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचे दाखवितो, ते पद मी मैफलीत अनेकदा ऐकले होते. मैफलीत तो राग असतो. नाटकात ते एका नवऱ्याचे बायकोशी बोलणे असते. यतिवेषातील अर्जुनाच्या सेवेला बलराम आपण होऊन सुभद्रेची योजना करतो, तेव्हा प्रेक्षागृहात जे हसू पसरते, त्यात आपणही कृष्णाच्या कारस्थानात सामील झालो आहोत असा आनंद असतो. गद्याचे शेवटचे अक्षर ऑर्गनच्या सुरावर अलगद टेकते आणि बोलणेच गाणे होते, त्या क्षणात संगीत नाटकाचा सारा प्राण आहे. पद तेवढे उचलून मैफलीत नेणारे नेमका हा क्षण मागे टाकतात.

यावर कोणी म्हणेल की, चित्रपटाने ही उणीव भरून काढली आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि त्यांच्या 'कट्यार काळजात घुसली'मधील खाँसाहेब रंगभूमीवर साकारणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. म्हणजे १९६७ सालच्या त्या नाटकावर आम्हा वैदर्भीयांचे ममत्व स्वाभाविकच आहे. २०१५ साली त्याचा चित्रपट झाला व नव्या पिढीने तो डोक्यावर घेतला, हे मला मनापासून आवडले. परंतु पडद्यावरील खाँसाहेबांची मुद्रा सचिन पिळगांवकरांची आहे, आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. चित्रपटाला ते शोभते. वसंतराव मात्र ज्या छातीने संवाद बोलत तिच्याच श्वासावर तान घेत; ती तान चुकण्याचे भय नटालाही होते आणि प्रेक्षकालाही. जे चुकू शकत नाही, त्याच्या साधण्याचा आनंद तो काय?

दुसरा आक्षेप वेळेचा. रात्रभर चालणारी नाटके आता कोण पाहणार? हा आक्षेप अर्धा खरा आहे. 'वन्स मोअर'च्या हव्यासापायी गायनाने नाट्याचा गळा घोटला, हे बालगंधर्वांच्या भक्तांनीही नाकारू नये. परंतु त्यावर उपाय काटछाट हा आहे, बहिष्कार नव्हे. 'सौभद्रा'त शंभरावर पदे आहेत. त्यांतील निवडक ठेवून तीन तासांचा उत्तम प्रयोग होतो, हे मी पाहून आलो आहे.

आता घरचे प्रकरण. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी खामगावी आणि जळगाव जामोद येथे वकिली केली. म्हणजे मराठी संगीत नाटकाला पारशी रंगभूमीच्या चालींचे नवे वळण देणारा हा नाटककार आमच्या जिल्ह्यातला. त्यांचे 'वीरतनय' १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने केले. पुढे 'मूकनायक', 'मतिविकार' आली. गडकऱ्यांसारख्या प्रतिभावंताने त्यांना गुरू मानले. आज आम्ही त्यांचे 'सुदाम्याचे पोहे' चवीने खातो, त्यांचे महाराष्ट्रगीत उभे राहून म्हणतो, आणि नाटकांविषयी 'कथानके गुंतागुंतीची, संवाद कृत्रिम' असा ठरीव शेरा मारून पान उलटतो. मीही हाच शेरा वर्षानुवर्षे सांगत आलो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यांतले एखादे तुम्ही पाहिले आहे का?" मी नाही म्हणालो. ती काही बोलली नाही. पण वहीत शेरा उतरवून घेणारा तिचा हात थांबला.

तो शेरा कदाचित खराही असेल. पण ज्या नाटकाच्या चाली कानावर पडल्या नाहीत, त्याच्यावर केवळ छापील संहितेवरून निकाल देणे म्हणजे प्रतिवादीस न बोलावता दिलेला एकतर्फी हुकूमनामा होय. आणि तोही कोणाविरुद्ध, तर एका वकिलाविरुद्ध! तेव्हा आमच्या महाविद्यालयांनी व गणेशोत्सव मंडळांनी एका वर्षाची रोषणाई आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती यांचा खर्च वाचवून एक संपूर्ण संगीत नाटक जिल्ह्यात आणावे. पुढच्या वर्षी 'मूकनायका'चा निदान एक अंक ऑर्गन-तबल्यासह आपल्याच मुलांकडून बसवून घ्यावा. तो पडला, तर पडला असे आम्ही डोळ्यांनी पाहून म्हणू. तोवर त्या विद्यार्थिनीच्या वहीतील ती ओळ अपुरीच राहू द्यावी.